गाडीखाली वाकून बघ

चि. बंड्यास,


काल रात्री ताईचा फोन आला होता. “पोरगा छप्पर नसलेली गाडी घेतोय, तीही माझ्या लग्नाच्या वेळची, नुसते फोटो बघून. मी दोन शब्द बोलले तर फोन ठेवून दिला.” मागोमाग तिने फोटोही पाठवले. फियाट १२४ स्पायडर, १९८१ ची, लालभडक. चष्मा लावून एकेक फोटो पाहिला. पुढून आहे, मागून आहे, टप उघडलेला आहे, संध्याकाळच्या उन्हात बॉनेट आहे. खालून एकही नाही. बंड्या, तू गाडीखाली वाकून बघितलंस का?

गाडीला मी नावं ठेवत नाही. फियाटच्याच जिवावर माझ्या घरची चूल पेटली. तुझ्या बाबांची पांढरी ११८ एनई आठवते ना? १९८५ ला प्रीमियरने काढली ती. तिचं शरीर फियाट १२४ चंच, इंजिन तेवढं निसानचं. तुझी स्पायडर म्हणजे तिची नखरेल बहीण. १९६६ ला तुरिनच्या प्रदर्शनात आली. पिनिनफारिनाच्या टॉम चार्डाने तिच्या रेषा काढल्या, आणि तो जन्माने तुझ्याच डेट्रॉइटचा. इंजिन लाम्प्रेदीचं, फेरारीची बारा सिलिंडरची इंजिनं करून आलेल्या माणसाचं. पाच गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक! आम्ही पद्मिनीचा स्टिअरिंगवरचा गिअर खटाखट ओढत होतो, त्या काळात हे. तेव्हा तुझा जीव का जडला, ते मला सांगू नकोस.

पण जीव जडला की डोळे वरच राहतात. या गाडीला वेगळी चॅसी नाही, पत्राच सगळा भार पेलतो. त्यात डोक्यावर छप्पर नाही, म्हणजे सगळी मदार दरवाज्यांखालच्या पट्ट्यांवर आणि तळावर. त्या सडल्या की गाडी मधून वाकते. ताई सांगत होती, गाडी ओहायोतली आहे. तिकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, हे तूच मला सांगितलं होतंस. मीठ आणि इटालियन पत्रा! रंग काय, कोणीही मारून देतं. पुट्टी भरून वर लाल रंग ओढला की फोटोत नवरीच दिसते.

म्हणून नीट ऐक. गाडी जॅकवर घे आणि दरवाजे उघडून लावून बघ. अडकले, तर तिथूनच नमस्कार करून परत फिर. खिशात एक लोहचुंबक ठेव. चिकटला तर पत्रा, घसरला तर पुट्टी. बॉनेट उघडून पुढचे शॉकअप वर जिथे बसतात, ती जागा बॅटरी मारून बघ. तिथे गंज असेल तर ती गाडी फुकटही नको. कार्पेट उचल. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते विचार. बिल नसेल तर बदललाच नाही असं समज. पद्मिनीला चेन असायची, इथे रबरी पट्टा आहे. तो चालत्या गाडीत तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि लाम्प्रेदीची सगळी हुशारी भंगारात जाते. स्पेअरची मात्र काळजी नको. एकूण दोनेक लाख स्पायडर बनल्या, त्यातल्या बहुतेक तुमच्या अमेरिकेतच गेल्या. इंजिन दुरुस्त होतं रे, गेलेला तळ होत नाही. पैसे पाठवायच्या आधी खाली वाक.

मी तुझ्यापेक्षा लहान होतो तेव्हा नाना पेठेत एक जुनी ओपन हेराल्ड गाडी विकायला आली होती. मी वेडा झालो होतो तिच्यापायी. वडिलांना, आमच्या अण्णांना, हट्टाने दाखवायला नेलं. अण्णा धोतर सावरून भर रस्त्यात खाली वाकले, बोटाने काहीतरी खरवडलं आणि उठून एवढंच म्हणाले, “नको.” मला वाटलं, पैशाकडे बघतायत. मी अबोला धरला. अख्खी दिवाळी त्या अबोल्यात गेली, आई मधल्यामध्ये निरोप पोचवत राहिली. पुढे गॅरेज काढलं, असे कितीतरी सडलेले तळ पाहिले, तेव्हा कळलं की अण्णांनी पैसे नव्हे, तळ पाहिला होता. हे त्यांना सांगायला गेलो तेव्हा त्यांना ऐकूच येत नव्हतं. हेराल्डचं दुःख कधीच संपलं. त्या दिवाळीचं राहिलंय.

ताईला यातलं काही कळत नाही हे खरं. तिच्या डोळ्यांसमोर बर्फाचा रस्ता, जुनी गाडी आणि तू एकटा, एवढंच येतं. त्यावर ती बोलते आणि तुला ती कटकट वाटते.

खूप बोललो, राग धरू नकोस. पहाटे चारपर्यंत काम करून कमावलेले पैसे आहेत तुझे, ते कुठे घालायचे हे सांगणारा मी कोण? तळ धड निघाला तर खुशाल घे. माझी नाही म्हणण्याची छाती नाही. पहिल्या उन्हाळ्यात टप उघडून ताईला शेजारी बसव, स्कार्फ बांधायला सांग, आणि तिने “हळू चालव” म्हटलं की खरंच हळू चालव.

गाडी बघायला जाशील तेव्हा एखाद्या रॅम्पवर चढव आणि मला व्हिडिओ कॉल कर. इथे कितीही वाजलेले असोत, मी उचलेन. तुझ्या डोळ्यांना जोडीला माझे असू देत. पण त्याआधी, हे पत्र वाचून झाल्या झाल्या, ताईला फोन कर.

तुझा,
बापूमामा