कुंडीतील मांसल झाडे : माती आणि पाणी

गोव्यात दरवर्षी सरासरी सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. या पावसात चिऱ्याच्या गडग्यावर उगवलेला निवडुंग उघड्यावर उभा राहतो. त्याच्यावर छप्पर नसते, त्याची निगा कोणी राखीत नाही. तरी तो कुजत नाही. मात्र तोच निवडुंग किंवा कोरफड कुंडीत लावून शाळेच्या अथवा पंचायतीच्या आवारात ठेवली, की श्रावण संपण्यापूर्वीच ती बुडापासून काळी पडून कोसळते. दुसऱ्या वर्षी नवी रोपे आणली जातात आणि त्यांचीही तीच गत होते. यामुळे ‘अशी झाडे आपल्या हवेत जगत नाहीत’ असा समज रूढ झाला आहे. तो बरोबर नाही. गडग्यावर पडलेले पाणी दगडांच्या फटींतून क्षणात निघून जाते. कुंडीत ते साठून राहते. दोष पावसाचा नसून साठलेल्या पाण्याचा आहे, आणि त्यावरील उपाय प्रत्येकाच्या हातात आहे.

या झाडांचा स्वभाव

कोरफड, पानफुटी, घायपात, शेर, निवडुंग इत्यादी वनस्पती आपल्या जाड पानांत किंवा खोडात पाणी साठवून ठेवतात. म्हणून त्यांना मांसल वनस्पती म्हणतात. इतर झाडे दिवसा पर्णरंध्रे उघडून हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू घेतात. त्या वेळी पानांतील पुष्कळ पाणी बाष्परूपाने उडून जाते. मांसल वनस्पतींपैकी बहुतेक ही रंध्रे मुख्यतः रात्री, हवा थंड असताना उघडतात. रात्री घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपाने पानात साठविला जातो व दिवसा सूर्यप्रकाशात त्यापासून अन्न तयार होते. म्हणूनच पानफुटीचे पान सकाळी आंबट लागते आणि दिवस चढेल तसा त्याचा आंबटपणा कमी होत जातो. ही गोष्ट भारतात काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांच्या ध्यानात आली व 1813 साली त्यांनी ती पत्राद्वारे इंग्लंडमधील अभ्यासकांस कळविली.

विज्ञान शिक्षकांना हा प्रयोग वर्गात सहज करून दाखविता येईल. एकाच झाडाचे एक पान सूर्योदयाच्या सुमारास व दुसरे दुपारनंतर उशिरा तोडून, दोहोंचा रस आम्लता मोजण्याच्या कागदावर लावावा. रंगातील फरक विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दिसेल. पाने चाखून पाहू नयेत, कारण पानफुटीत विषारी घटक असतात.

या रचनेचा अर्थ असा की, ही झाडे पाणी अत्यंत काटकसरीने खर्च करतात. जे झाड थोडे पाणी वापरते, त्याच्या कुंडीतील माती उशिरा वाळते. मुळांना पाण्याइतकीच हवेचीही गरज असते. मातीच्या कणांमधील पोकळ्या दिवसेंदिवस पाण्याने भरलेल्या राहिल्या, तर मुळे गुदमरतात व त्यांना बुरशी लागून ती कुजतात.

मातीचे मिश्रण

यासाठी माती अशी हवी की, तिच्यातून पाणी लगेच वाहून जाईल. शेतातील किंवा परसातील नुसती माती कुंडीत भरल्यास काही महिन्यांतच दबून घट्ट होते. खाजन शेतातील माती चिकण व खारट असल्याने ती मुळीच वापरू नये. समुद्रकिनाऱ्यावरील वाळूही क्षारयुक्त असते. शिवाय किनाऱ्यावरून वाळू उपसण्यास कायद्याने बंदी आहे.

आपल्याकडे सर्वांत सोयीची वस्तू म्हणजे चिरे तासताना पडणारा चुरा. तो प्रथम बारीक चाळणीने चाळून धूळ काढून टाकावी आणि ज्वारी ते हरभऱ्याच्या दाण्याएवढे खडे ठेवावेत. फुटक्या कौलांचे किंवा विटांचे तेवढेच तुकडेही चालतात. नंतर नारळाच्या करवंटीने मोजून पुढील प्रमाणात मिश्रण करावे :

चाळलेले खडे – 4 करवंट्या
परसातील भुसभुशीत माती – 2 करवंट्या
पूर्ण कुजलेले कंपोस्ट खत – 1 करवंटी

काटेरी निवडुंगांसाठी खड्यांचे प्रमाण 5 करवंट्यांपर्यंत वाढवावे. काथ्याचा भुसा पुष्कळ काळ ओलावा धरून ठेवतो. म्हणून तो या मिश्रणात घालू नये. मिश्रण तयार झाल्यावर ते कुंडीत भरून वर तांब्याभर पाणी ओतून पाहावे. पाणी वर न साचता लागलीच खालच्या भोकातून वाहू लागले, तर मिश्रण योग्य समजावे. पाणी वर तुंबल्यास आणखी खडे मिसळावेत.

येथे एका जुन्या समजुतीचा उल्लेख करणे अवश्य आहे. कुंडीच्या तळाशी खापऱ्यांचा जाड थर दिल्याने पाण्याचा निचरा चांगला होतो, असे अनेकजण मानतात. वस्तुतः बारीक मातीतील पाणी खालच्या भरड थरात सहजासहजी उतरत नाही. माती पूर्ण भिजून तुडुंब होईपर्यंत ते वरच अडून राहते. परिणामी ओली माती मुळांच्या अधिक जवळ येते. भोकावर माती सांडू नये एवढ्यापुरती एकच खापरी ठेवावी आणि खडे तळाशी न घालता सर्व मातीत मिसळावेत.

कुंडी भाजलेल्या मातीची असल्यास उत्तम. तिच्या अंगातूनही ओलावा बाहेर पडतो. डिचोलीच्या कुंभारांकडील साधी कुंडी याला पुरेशी आहे. कुंडी झाडाच्या मानाने फार मोठी नसावी व तळाला भोक असलेच पाहिजे.

पाणी केव्हा व किती

‘रोज थोडे थोडे पाणी’ ही पद्धत या झाडांना घातक आहे. पाणी द्यावयाचे तेव्हा खालून वाहीपर्यंत भरपूर द्यावे आणि त्यानंतर माती तळापर्यंत वाळेतो थांबावे. परीक्षेसाठी झावळीची कोरडी हीर कुंडीच्या कडेने तळापर्यंत खुपसून काही मिनिटांनी बाहेर काढावी. हिरीला ओली माती चिकटली असल्यास पाणी देऊ नये.

सर्वसाधारणपणे मार्च ते मे या काळात आठवड्यातून एकदा, तर ऑक्टोबर ते फेब्रुवारीत दहा-बारा दिवसांनी पाणी पुरते. तथापि, दिवस मोजण्यापेक्षा हिरीची साक्ष अधिक विश्वसनीय होय. जून लागण्यापूर्वी कुंड्या ओसरीत किंवा पडवीत, भरपूर उजेड पण पावसाची झड नाही अशा जागी हलवाव्यात. पावसाळ्यात हवाच दमट असल्याने पाने सुरकुतेपर्यंत पाणी न दिले तरी चालते. पावसाळा संपताच कुंड्या एकदम कडक उन्हात न नेता आठ-दहा दिवसांत हळूहळू न्याव्यात; अन्यथा पाने करपतात.

कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नये. त्यामुळे मुळे तर कुजतातच, शिवाय डेंग्यू पसरविणारे डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतात.

रोग ओळखताना होणारी चूक

पाणी कमी पडल्यास पाने पातळ व सुरकुतलेली होतात, पण घट्ट राहतात. पाणी जास्त झाल्यास ती पिवळट, पारदर्शक व मऊ होऊन हात लागताच गळतात. परंतु मुळे कुजली असतील, तर मातीत पाणी असूनही झाड ते ओढू शकत नाही आणि त्याचीही पाने सुरकुततात. नेमक्या याच वेळी झाड तहानलेले समजून आणखी पाणी घातले जाते व ते दगावते. म्हणून सुरकुती दिसताच प्रथम हीर खुपसून पाहावी. माती कोरडी असेल तर पाणी द्यावे. ओली असेल तर झाड उपटून मुळे तपासावीत.

कुजलेला भाग स्वच्छ सुरीने निरोगी गर दिसेपर्यंत कापावा. झाड आठवडाभर सावलीत सुकू द्यावे, नंतर कोरड्या मिश्रणात लावावे व आणखी आठवडाभर पाणी देऊ नये. निवडुंग व शेर यांचा चीक डोळ्यांस अपायकारक असल्याने कापताना मुलांना दूर ठेवावे.

उन्हाळी सुट्टीत शाळा बंद असते आणि कुंड्यांना पाणी देण्यास कोणी नसते. अशा ठिकाणी ही झाडे फार उपयुक्त आहेत. सावलीत ठेवल्यास ती दोन-तीन आठवडे पाण्यावाचून सहज तग धरतात. त्यांना उन्हाळा मारीत नाही. पावसाळ्यात बाहेर विसरलेली कुंडी आणि ममतेने घातलेले रोजचे पाणी मारते. प्रत्येक शाळेने व पंचायतीने यंदा जून उजाडण्यापूर्वी आपल्या कुंड्यांची माती एकदा तपासून पाहिली, तर दरवर्षी नवी रोपे घेण्याचा खर्च वाचेल आणि लावलेले झाड वर्षानुवर्षे टिकविल्याचे समाधानही लाभेल.