घरच्या ब्रॉडबँडचा पन्हा किती असावा?

कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक आले की आम्ही आधी विचारतो, शिवायचे काय आहे? कुर्ता शिवायचा आहे की दाराला पडदा लावायचा आहे, हे कळल्याशिवाय कोणता पन्हा फाडायचा आणि किती मीटर, ते सांगता येत नाही. घरी ब्रॉडबँड घेताना मात्र आपले पुष्कळ व्यापारी व कारागीर बांधव हा साधा प्रश्न स्वतःला विचारत नाहीत. विकणारा शंभर, दोनशे, तीनशे असे आकडे सांगतो, मोठा आकडा म्हणजे उंची माल असे आपण धरून चालतो आणि सही करून मोकळे होतो.

धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबादेत, फायबरची तार आता तालुक्याच्या गावांत येऊन पोहोचली आहे. ही चैनीची वस्तूही राहिलेली नाही. जीएसटीचे विवरणपत्र, ई-वे बिल, सुरतेच्या आडत्याने पाठवलेले मालाचे व्हिडिओ, मुलीचे शिकवणीचे वर्ग, पुण्याच्या कंपनीचे काम घरी बसून करणारा मुलगा, सगळे याच तारेवर चालते. शिलाई यंत्रावर पोट असलेल्या घरात महिन्याला पाचशे-सातशे रुपये जास्त जाणे ही लहान बाब नव्हे. म्हणून थोडा हिशेब मांडू.

आधी माप समजून घ्यावे. वेग एमबीपीएसमध्ये सांगतात, म्हणजे एका सेकंदात किती मेगाबिट. आपल्या मोबाईलमधली फाईल मात्र मेगाबाईटमध्ये मोजली जाते आणि ८ बिटांचा १ बाईट होतो. भाव मीटरचा सांगितला आणि माल दुसऱ्याच गजाने मोजला, असा हा प्रकार आहे. शंभर एमबीपीएसची तार घेतली तर सेकंदाला शंभर नव्हे, फार तर साडेबारा मेगाबाईट उतरतात. ही फसवणूक नाही, मापच तसे आहे. पण ते ठाऊक नसलेला माणूस विनाकारण तक्रार करीत बसतो किंवा विनाकारण मोठी योजना घेतो.

दुसरे माप डेटाचे, जीबीचे. वेग हा पन्हा आहे आणि जीबी ही लांबी. ‘अमर्याद’ म्हणून विकल्या जाणाऱ्या योजनेतही बहुधा लांबीची हद्द असते. ती ओलांडली की महिना संपेपर्यंत वेग पार खाली आणतात. ३३०० जीबी ही हद्द पुष्कळ योजनांत दिसते. टीव्हीवर चांगल्या प्रतीचा व्हिडिओ साधारण ५ एमबीपीएस घेतो, म्हणजे तासाला सुमारे सव्वादोन जीबी. दोन पडदे रोज चार-चार तास चालले तरी महिन्याला साडेपाचशे जीबीच्या आतच राहते. म्हणून ३३०० च्या हद्दीला कोणी घाबरू नये. कोणी ३०० किंवा ५०० जीबीची योजना स्वस्त म्हणून पुढे केली तर मात्र तेथे लांबी जरूर तपासावी.

आता घराची गरज. टीव्हीला ५, व्हिडिओवरच्या वर्गाला किंवा बैठकीला ३ ते ४, मोबाईलवर काही पाहणाऱ्या प्रत्येकाला २ ते ३. व्हॉट्सअॅपचे संदेश, यूपीआय, जीएसटीचे पोर्टल यांना इतके थोडे लागते की ते हिशेबात धरायचेही कारण नाही. पाच-सहा माणसांच्या घरात रात्री नऊ वाजता सर्व एकदम चालले तरी बेरीज १५ ते २० च्या आसपास येते. वर थोडी सैल शिलाई ठेवली तर ३० एमबीपीएस पुरते. घरातून कंपनीचे काम करणारी दोन माणसे असतील, किंवा मोठ्या पडद्यावर ४के प्रतीचे चित्र पाहायचे असेल, जे एकटेच १५ च्या आसपास खाते, तर ५० ते १०० घ्यावे. त्याहून जास्त वेग लागणारी घरे आमच्या ओळखीत फार थोडी आहेत.

कारागिरांनी एक गोष्ट मात्र विसरू नये. वर सांगितलेला वेग उतरण्याचा. चढवण्याचा वेग निराळा असतो आणि विकणारा तो आपण होऊन सांगत नाही. जरीकाम करणारा, ब्लाऊज शिवणारी भगिनी किंवा फर्निचरवाला आपला नमुना गिऱ्हाइकाला पाठवतो, तेव्हा उपयोगी पडतो तो चढवण्याचा वेग. २०० मेगाबाईटचा व्हिडिओ ५ एमबीपीएसने चढवायला साडेपाच मिनिटांच्या जवळपास लागतात, ३० ने एक मिनिटही लागत नाही. दुकानाचा कॅमेरा घरून पाहणाऱ्यांनाही हेच लागू. फायबरच्या बऱ्याच योजनांत दोन्ही वेग सारखे मिळतात. छतावर डबी लावून टॉवरवरून येणाऱ्या जोडणीत चढवण्याचा वेग सहसा कमी असतो. ज्याचा धंदा फोटो-व्हिडिओवर आहे त्याने तार मिळत असेल तर तारच घ्यावी.

भावाकडे येऊ. तुलनेसाठी एक जाहीर दर लक्षात ठेवण्यासारखा आहे. सप्टेंबर २०२० मध्ये जिओने घरगुती फायबरचे जे दर लावले त्यात ३० एमबीपीएसला महिना ३९९ रुपये, १०० ला ६९९ आणि १५० ला ९९९ रुपये होते, वर जीएसटी. दर बदलत राहतात, तरी बाजाराचा अंदाज यावरून येतो. हिशेब करून पाहा: १८ टक्के जीएसटी धरून ३९९ चे सुमारे ४७१ होतात आणि ९९९ चे सुमारे ११७९. फरक महिन्याला ७०८, वर्षाला साडेआठ हजारांच्या घरात. विकणारा म्हणेल, एका एमबीपीएसचा भाव पाहा, मोठी योजना निम्म्या भावात पडते. बरोबर आहे, थान घेतले की मीटरचा भाव उतरतोच. पण आपल्याला एकच कुर्ता शिवायचा असेल तर थान घरी नेऊन काय करणार? शिवाय महाग योजनेच्या दरात सिनेमे-मालिकांची वर्गणी मिसळलेली असते. घरात ते कोणी पाहत नसेल तर ती नको म्हणून सांगावे.

दर विचारताना जीएसटीसह दर किती, हे पहिल्याच वाक्यात विचारावे. मग डबी कोणाची, आपली की त्यांची. जोडणीचा खर्च किती. अनामत घेतली तर परत कधी. आणि पहिल्या सहा महिन्यांच्या सवलतीनंतर दर काय होणार. उत्तरे तोंडी नकोत, मोबाईलवर लिहून मागावीत. एका गल्लीतली आठ-दहा घरे एकत्र येऊन बोलली तर जोडणीचा खर्च पुष्कळदा माफ होतो, आणि स्थानिक केबलवाल्यांची आपसांत चढाओढ असेल तर दरही उतरतो. वर्षाचे पैसे आगाऊ भरून मिळणारी सूट दिसायला चांगली असते. पण तार कशी चालते हे निदान दोन-तीन महिने पाहिल्याशिवाय आम्ही कोणालाही वर्षभराची रक्कम उधार देणार नाही. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने बिलावर आपला जीएसटी क्रमांक घालून घ्यावा. धंद्यासाठी वापरलेल्या भागाचा कर वजावटीस मिळतो. पावतीच न देणाऱ्याकडून जोडणी घेण्यात काही हशील नाही.

जोडणी झाल्यावर वेग मोजण्याची रीत आहे. दुपारी अकरा वाजता, डबीशेजारी उभे राहून मोजले तर कोणतीही तार चांगलीच दिसते. एकाच तारेवर अनेक घरे जोडलेली असतात, म्हणून गर्दीच्या वेळी, रात्री आठ ते दहा, तीन-चार दिवस मोजावे. शक्य असेल तर लॅपटॉपला केबल लावून मोजावे, म्हणजे दोष तारेचा की वायफायचा ते कळते. आपल्या भागात जुनी माळवदाची घरे अजून पुष्कळ आहेत. दीड-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंतीतून वायफाय जात नाही. त्यातही ५ गिगाहर्ट्झचे तर मुळीच नाही, २.४ चे थोडेफार जाते. पुढच्या ओसरीत डबी आणि मागच्या खोलीत अभ्यास, अशा घरात तीनशेची योजना घेऊनही मुलगी अडखळतच शिकणार. तेथे योजना वाढवू नये. दोन-चारशे रुपयांची केबल ओढून मागच्या खोलीत दुसरा राऊटर बसवावा. जुन्या राऊटरची तोंडे शंभर एमबीपीएसचीच असतात, हेही पाहावे. त्यावर दोनशेची योजना घेणे म्हणजे रुंद पन्ह्याचे पैसे देऊन अरुंद कापड नेणे.

विजेचा प्रश्न आहेच. तार काचेची असली तरी घरातली डबी विजेवर चालते. बारा व्होल्टचा लहान यूपीएस मिळतो, त्यावर डबी काही तास चालते. मात्र केबलवाल्याच्या खोलीतही वीज गेल्यावर बॅटरी आहे का, हे त्याला आधीच विचारावे, नाही तर आपला यूपीएस शोभेचा.

तार बंद पडली, रस्ता खोदताना तुटली, की ओळखीच्या पोराला फोन करून भागवू नये. कंपनीच्या तक्रार क्रमांकावर नोंद करावी आणि डॉकेट क्रमांक मागून घ्यावा. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार तक्रारीचे समाधान न झाल्यास ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते आणि त्याने ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. अपिलाला वेगळा पैसा लागत नाही. पैशांचा वाद असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा क्रमांक आहे. या सर्व ठिकाणी पहिला प्रश्न डॉकेट क्रमांकाचाच विचारतात, म्हणून तो तारखेसह दुकानाच्या वहीत लिहून ठेवावा.