वसईच्या घंटा

ठाण्याच्या खाडीच्या पूर्वकाठी घणसोली हे आगरी-कोळ्यांचे जुने गाव आहे. एके काळी गावाच्या पश्चिमेस भातशेती, तिच्यापुढे मिठागरे आणि त्यांच्याही पलीकडे तिवरांची दाट झाडी असा देखावा असे. १९७० नंतर नवी मुंबई वसू लागली; शेते गेली, मिठागरे गेली. पुढे २००४ मध्ये ठाणे-वाशी लोहमार्ग सुरू झाला आणि जेथे पूर्वी होडी किंवा पायवाट हाच आधार होता, तेथून माणसे घटकाभरात ठाण्यास पोहोचू लागली. खाडी मात्र होती तेथेच आहे. भरतीला तिचे पाणी फुगते, ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि हिवाळ्यात त्या चिखलात रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे उतरतात.

या गावातील एका शाळेच्या सातवीच्या वर्गाची सहल निघायची होती. कोठे जावे याविषयी मुलांमध्ये बराच वाद झाला. अखेर इतिहास शिकविणारे गुरुजी म्हणाले, “रणांगण पाहावयास जाऊ.” हे ऐकून मुलांच्या डोळ्यांपुढे पानिपत उभे राहिले. परंतु गुरुजींनी खिडकीतून खाडीकडे बोट दाखविले. “ते तिथूनच सुरू होते,” ते म्हणाले.

गुरुजींचे बोलणे खरे होते. खाडीपलीकडील साष्टी बेट आणि उत्तरेचा वसई प्रांत पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. गुजरातच्या बहादुरशहाकडून वसई त्यांना १५३४ मध्ये मिळाली आणि तेव्हापासून दोन शतके त्यांचा अंमल तेथे चालला. १७३७ च्या मार्च महिन्यात मराठ्यांच्या सैन्याने खाडी ओलांडून ठाणे घेतले. तेथील किल्ल्याचे बांधकाम तेव्हा पुरे झालेले नव्हते. या कामी अंजूरचे गंगाजी नाईक यांच्यासारख्या स्थानिक माणसांचे मोठे साहाय्य झाले. कारण खाडीच्या भरती-ओहोटीचे ज्ञान पुण्याहून आलेल्या घोडेस्वारास कोठून असणार? ते काठावरच्या माणसांपाशीच असते.

ठाण्याचा तो किल्ला आज सहज पाहता येत नाही, कारण आता तेथे कारागृह आहे. नाशिकच्या कटातील क्रांतिकारक अनंत कान्हेरे यांना १९१० मध्ये याच तुरुंगात फाशी देण्यात आले. सहलीच्या गाडीने त्याच्या भिंतीला वळसा घातला, तेव्हा बडबडी मुलेही क्षणभर गप्प झाली.

गाडी पुढे वज्रेश्वरीस गेली. गरम पाण्याच्या कुंडांसाठी हे ठिकाण प्रसिद्ध आहे, आणि खरे सांगावयाचे तर बहुतेक मुलांचे लक्ष त्या कुंडांकडेच होते. परंतु देवीचे देऊळही पाहण्यासारखे आहे. वसई जिंकता आली तर तुझे मंदिर बांधीन, असा नवस चिमाजीअप्पांनी केला होता आणि विजयानंतर तो फेडण्यात आला, असे सांगतात. देवळाचा बाहेरचा थाट किल्ल्यासारखा आहे. भक्कम तट, उंच जोते, वर चढत जाणाऱ्या दगडी पायऱ्या आणि त्यांपैकी एका पायरीवर कोरलेले कासव. पायऱ्या किती आहेत, यावर दोन मुलांची पैज लागली. उतरताना मोजलेला आकडा चढताना मोजलेल्या आकड्याशी जुळेना, म्हणून ती मिटली नाही.

दुपारी सहल वसईच्या किल्ल्यात पोहोचली.

रणांगण पाहणे म्हणजे काय, हे वसईस जितके चांगले समजते तितके फार थोड्या ठिकाणी समजेल. किल्ल्याच्या तीन अंगांना पाणी आणि दलदल आहे. जमिनीची बाजू काय ती उत्तरेची, आणि तटाचा मोठा जोरही तिकडेच. तटावर उभे राहून एकदा समुद्राकडे व एकदा जमिनीकडे पाहिले, की वेढा घालणाऱ्याची अडचण कोणी समजावून द्यावी लागत नाही. समोर मोकळे मैदान. लपावयास आडोसा नाही. वरून तोफांचा मारा. अशा जागी फेब्रुवारी १७३९ पासून मराठे मोर्चे बांधून बसले. सुरुंग खणावेत, आतल्यांनी ते हुडकून निकामी करावेत, पुन्हा दुसरीकडे खणावेत, असे तीन महिने चालले. किल्ला हाती येत नसेल तर माझे मस्तक तरी तोफेच्या तोंडी देऊन किल्ल्यात टाका, असे चिमाजीअप्पा म्हणाल्याची आख्यायिका आहे. मे महिन्यात सुरुंगांनी तट फुटला, भगदाडाशी हातघाईची लढाई झाली आणि १६ मे १७३९ रोजी पोर्तुगीजांनी शरणागतीचा करार केला. मराठ्यांची हजारो माणसे पडली. आतल्या शिबंदीचा मूळ सेनानीही वेढ्यात मारला गेला होता. मुंबईकर इंग्रजांनी शेजाऱ्याला मदत केली ती अशी, की देवळांतील चांदीची भांडी आणि पितळी तोफा तारण ठेवून घेऊन १५,००० रुपये कर्ज दिले!

करार मात्र वाचण्यासारखा आहे. पोर्तुगीज सैन्यास शस्त्रांसह, मानाने बाहेर पडण्याची मुभा देण्यात आली. त्यांच्या कुटुंबांना सामानसुमान नेण्याची सवलत मिळाली. आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य मान्य करण्यात आले. आठवडाभराने गलबते निघून गेली. रयत राहिली. आज वसईच्या वाड्यांमधून जे ख्रिस्ती शेतकरी आणि कोळी नांदतात, ते पिढ्यान्‌पिढ्या मराठीच्याच बोली बोलत आले आहेत. २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे याच वसईचे.

किल्ल्याच्या आत आज छप्पर उडालेल्या चर्चांच्या उंच भिंती उभ्या आहेत. वडापिंपळांनी त्यांच्या फटींत मुळे रोवली आहेत. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज अक्षरे कोरलेल्या समाधिशिला आहेत. जवळच मराठी अमदानीतील नागेश्वराचे मंदिर आहे. सेंट जोसेफच्या चर्चचा मनोरा अद्याप ताठ उभा आहे. त्या मनोऱ्याकडे पाहता पाहता वर्गातील एका मुलीने विचारले, “गुरुजी, मनोरा आहे, मग घंटा कोठे आहे?”

गुरुजींना बहुधा हाच प्रश्न हवा होता. ते म्हणाले, “घंटा देवळांत गेल्या.”

मग त्यांनी सांगितले, की वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चांमधील घंटा मराठी मुलखात नेण्यात आल्या आणि ठिकठिकाणच्या मंदिरांत टांगण्यात आल्या. भीमाशंकरास अशी एक घंटा आहे. नाशिकला गोदावरीच्या काठी सरदार नारोशंकरांनी १७४७ मध्ये रामेश्वराचे देऊळ बांधले. त्याच्या प्रवेशद्वारावर अशीच एक प्रचंड घंटा आहे आणि तिच्यामुळे ते देऊळ नारोशंकराचे म्हणूनच लोकांच्या तोंडी बसले. वाईजवळ मेणवलीस, नाना फडणविसांच्या वाड्यामागील घाटावर, तिसरी आहे. रस्त्याने जाणारे हजारो लोक या घंटा पाहतात. परंतु तिच्या अंगावरचा क्रूस पाहून थबकणारा विरळा.

युरोपातही घंटांवर जेत्यांचा डोळा असे. तांब्याचे चार भाग आणि कथिलाचा एक, असा साधारणपणे घंटेचा धातू असतो. तो वितळवून तोफ ओतता येते. म्हणून जिंकलेल्या शहरातील घंटांवर तोफखान्याच्या प्रमुखाचा हक्क आहे, अशी तिकडे रूढीच होती. दुसऱ्या महायुद्धातही जर्मनीने जिंकलेल्या देशांतून आणि स्वतःच्या गावांतून लाखाहून अधिक घंटा उतरविल्या व त्यांतील बहुतेक भट्टीत घातल्या. नाशिकची, मेणवलीची घंटा भट्टीत गेली नाही. लूट ती लूटच. तिला दुसरे नाव देण्याचे कारण नाही. परंतु हातून हातात गेलेली ती वस्तू ज्या कामासाठी घडविली होती, त्याच कामी राहिली, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

हे सांगणे चालू असता लाल लुगडे नेसलेल्या एक वृद्ध बाई टोपली खाली ठेवून भिंतीच्या सावलीत विसावल्या होत्या. त्या शेजारच्याच वाडीतल्या. मुलांचा गलका थांबल्यावर त्यांनी त्या मुलीला जवळ बोलावले.

“कोठली गो बाय तुम्ही?”

“घणसोलीची, मावशी.”

“खाडीवरची म्हण की! आमच्या घंटेचं बोलत होतात ना? माझी आजी सांगे, की पूर्वी घंटेवर गाव उठायचं आणि घंटेवर निजायचं. घरात घड्याळ कोणाच्या होतं?” मग थोडे थांबून त्यांनी विचारले, “त्या तिकडे नेल्या, त्या वाजतात का गो अजून?”

मुलीने गुरुजींकडे पाहिले. गुरुजींनी नाशिकची घंटा पाहिली होती, परंतु ती वाजताना ऐकली नव्हती. तसे त्यांनी सांगितले. “असो,” म्हणत बाईंनी टोपली उचलली.

परतीच्या वाटेवर गाडीत हीच चर्चा चालली. एक मुलगा म्हणाला, की अशा वस्तू संग्रहालयातच ठेवाव्यात, म्हणजे शेजारी पाटी तरी लागते. दुसऱ्याने लगेच त्याला भायखळ्याच्या हत्तीची आठवण करून दिली. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलेफंटा हे नाव दिले, तो हत्ती इंग्लंडला नेण्यासाठी १८६४ मध्ये उचलू लागले, तेव्हा तो कोसळून त्याचे तुकडे झाले. पुढे ते जोडून १९१४ मध्ये मुंबईच्या राणीच्या बागेत हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. आज तो भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. पाटी आहे, सावली आहे, निगाही आहे. परंतु ज्या बेटाला त्याने नाव दिले, ते बेट तेथून दिसत नाही. यावर पहिल्या मुलास काही उत्तर सुचले नाही. तरी त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ होते असे नाही; पावसात भिजणाऱ्या धातूवरील अक्षरे झिजतात, आणि एकदा झिजलेली अक्षरे कोणालाच वाचता येत नाहीत.

मे महिन्याच्या सुट्टीत ती मुलगी मामाकडे साताऱ्यास गेली. मामांच्या मागे लागून तिने मेणवली गाठली. कृष्णेचे पाणी त्या दिवसांत खाली गेले होते आणि घाटाच्या पायऱ्या शेवटपर्यंत उघड्या होत्या. महादेवाच्या देवळापुढे एका लहानशा दगडी बांधकामात ती घंटा टांगलेली आहे. तिच्या अंगावर बाळ येशूला घेतलेल्या मरियेची उठावाची आकृती आहे आणि १७०७ हा आकडा आहे. मुलीने वहीत आकृती काढून घेतली, आकडा उतरविला आणि खाली लिहिले, “नाना फडणविसांचा जन्म १७४२ चा. वसई १७३९ ला पडली. म्हणजे घंटा मधे कोठे होती?” हा प्रश्न गुरुजींनी सांगितलेला नव्हता.

मग तिने इकडेतिकडे पाहिले, बोटे मिटली आणि पेरांनी घंटेच्या काठावर एक हलकासा ठोका दिला. आवाज अगदी बारीक निघाला, पण लगेच विरला नाही. खालच्या पायरीवर धुणे धुणाऱ्या एका बाईने मान वर करून पाहिले. मुलीने वहीत आणखी एक ओळ लिहिली, “वाजते. मावशींना सांगणे.”