धूर न रंगवता धूर दिसतो कसा?

प्रश्न : गेल्या हिवाळ्यात आमच्या गावात एक चित्रकार आले होते. सकाळी उसाच्या फडाकडेला बसून त्यांनी गुऱ्हाळाचे चित्र काढले. धुराला त्यांनी ब्रश लावलेला मी पाहिला नाही, तरी चित्रात धूर दिसत होता! दीड तासात सगळे आवरून ते उठलेसुद्धा. नंतर कळले की ते माणसांची तैलचित्रेही करतात आणि कार्यशाळाही घेतात. एवढी घाई कशाची? आणि ही तिन्ही कामे एकाच माणसाला जमतात कशी?
— एक वाचक, खुटबाव (ता. दौंड)

उत्तर : तुम्ही बरोबर पाहिलेत. धूर रंगवलेला नव्हता, राखलेला होता. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग सहसा वापरत नाहीत. पांढरे म्हणजे कोरा कागद. आभाळाचा फिकट पिवळसर हात देतानाच चित्रकाराने धुराची जागा सोडली असणार. मग स्वच्छ पाण्याच्या ब्रशाने तिची कड भिजवली की आजूबाजूचा रंग आपोआप आत झिरपतो, आणि धूर कुठे संपला, आभाळ कुठे सुरू झाले ते कळत नाही. पुढे मागचा ऊस आणि चिमणीची गडद बाजू आली की तो कोरा कागद धूर म्हणून उठून दिसतो. तैलरंगात गडदावर फिका रंग चढवून धूर आणता येतो. जलरंगात फिक्याकडून गडदाकडेच जावे लागते, म्हणून शेवटी काय दिसायला हवे ते पहिल्या हाताआधी ठरलेले असावे लागते.

घाईचे म्हणाल तर ती चित्रकाराची नसते, पाण्याची आणि उन्हाची असते. ओल्या कागदावर चकाकी असते. ती मावळू लागली की घट्ट रंग टाकायचा, म्हणजे तो मऊ पसरून जागच्या जागी थांबतो. ती वेळ टळल्यावर कोणी पाणचट हात मारला, तर कोबीच्या पानासारखी वेडीवाकडी कड उमटते आणि ती काही केल्या जात नाही. कोकणात पावसाळ्यात हीच चकाकी बराच वेळ रेंगाळते. दौंडच्या कोरड्या हवेत तिला जायला काही मिनिटे पुरतात. उन्हाळ्यात तर आभाळाची एक कड वाळते तोवर दुसरी लावून झालेली नसते. मग कागद मागूनही भिजवून घ्यायचा, नाहीतर पहाटेच निघायचे.

उन्हाचा हिशेब तर थेट मांडता येतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात आपल्याकडे सव्वाआठच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून साधारण १५ अंश वर असतो. गुऱ्हाळाची छपरी दहा फूट उंच धरली, तर तिची सावली तेव्हा सदतीस फूट लांब पडते. साडेनऊच्या सुमारास सूर्य ३० अंशांवर येतो आणि तीच सावली सतरा फुटांवर येते. सव्वा तासात निम्म्याहून अधिक सावली गायब! जो चित्रकार सावलीच्या मागे धावतो, त्याच्या चित्रात झाडाला आठची सावली आणि छपराला दहाची. म्हणून जाणते लोक बसल्या बसल्या पेन्सिलीने सावल्यांच्या कडा आखून घेतात आणि नंतर सूर्याचे काही ऐकत नाहीत.

उसाच्या हिरव्याबद्दल एक सांगायलाच हवे. ट्यूबमधला तयार हिरवा सरळ फासला की फड प्लास्टिकचा दिसतो, आणि आपल्या भागातली निम्मी निसर्गचित्रे तिथेच फसतात. पिवळ्यात निळा घालून, वर किंचित बर्न्ट सिएना मिसळून केलेला मळकट हिरवा उसाच्या जास्त जवळ जातो.

आता माणसाचे चित्र. इथे सूर्याऐवजी समोर बसलेला माणूस हलतो, फार सावकाश आणि त्याच्या नकळत. दहा-पंधरा मिनिटांत खांदा उतरतो, ओठांचे कोपरे खाली येतात, नजर विझते. म्हणून वीसेक मिनिटांनी विश्रांती देतात, आणि उठण्याआधी खुर्चीच्या पायांभोवती खडूने खुणा करून ठेवतात. चित्रकार काम करताना गप्पा का मारतो, याचे कारणही हेच. समोरच्याचा चेहरा जागा राहावा लागतो.

नवशिक्याची ठरलेली चूक मात्र डोळ्यांची. कपाळाच्या वरचा भाग आपण मोजतच नाही, म्हणून डोळे वर सरकतात. आरशासमोर उभे राहून बोटांनी मोजा: टाळूपासून हनुवटीपर्यंतच्या अंतराच्या मध्यावर डोळे येतात. माहीत असूनही पहिल्यांदा पटत नाही.

उजेडासाठी स्टुडिओची खिडकी उत्तरेला ठेवतात, कारण त्या बाजूने ऊन थेट आत येत नाही आणि चेहऱ्यावरच्या सावल्या दिवसभर फारशा हलत नाहीत. हा नियम युरोपातून आला. आपल्याकडे त्याला एक गंमतशीर अपवाद आहे: मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्या-दौंडकडे भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. मेअखेरीस उत्तरेच्या खिडकीलाही पडदा लावावा लागतो तो त्यामुळे.

समोर बसणारी माणसे ही चैनीची गोष्ट म्हणायची. जिल्ह्याच्या ठिकाणच्या चित्रकाराची चूल पुष्कळदा दिवंगतांच्या तैलचित्रांवर पेटते. शाळेचे संस्थापक, सोसायटीचे पहिले चेअरमन, कोणाचे तरी वडील; आणि हाताशी एक पासपोर्ट फोटो, तोही फ्लॅशचा. फ्लॅशचा उजेड समोरून येत असल्यामुळे गालफडाची, नाकाची सावलीच उरत नाही आणि चेहरा सपाट होतो. अशा वेळी मुलाला किंवा भावाला खिडकीशी बसवून हाडांची ठेवण पाहून घ्यावी लागते. घरचे शेवटी म्हणतात, ‘सगळं जमलंय, फक्त थोडं हसू हवं होतं.’ या कामाला कमी लेखणाऱ्यांनी ते एकदा करून पाहावे.

तिन्ही कामे एकाला जमतात कशी? मला वाटते, ती तीन नाहीतच. चित्रकाराला डोळे बारीक करून बघताना तुम्ही पाहिले असेल. पापण्या मिटत आणल्या की बारकावे पुसले जातात आणि फक्त गडद-फिक्याचे चार-पाच मोठे तुकडे उरतात. फड असो, गाल असो, आधी ते तुकडे बरोबर बसवायचे असतात. डोळ्याला रोज लावायची सवय ती हीच.

सावळाराम हळदणकरांचे ‘ग्लो ऑफ होप’ आठवा. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातले हे चित्र अनेक जण राजा रविवर्म्याचे समजतात. हातात दिवा घेतलेल्या त्या स्त्रीसाठी हळदणकरांची कन्या उभी राहिली होती. चित्र जलरंगातले आहे. बोटांमधून झिरपणारा तो लालसर उजेड आणि तुमच्या गुऱ्हाळाचा धूर यांचे गणित एकच, भोवतीचा गडदपणा नेमका साधणे. म. वि. धुरंधर १८९० मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून आले आणि १९३१ मध्ये तिथूनच निवृत्त झाले. शिकवता शिकवता त्यांनी व्यक्तिचित्रे, निसर्गचित्रे, पुस्तकांतली चित्रे, छापील पोस्टकार्डे असे सगळेच केले. आजच्यांपैकी वासुदेव कामत यांना पत्नीच्या व्यक्तिचित्रासाठी २००६ साली अमेरिकेतल्या पोर्ट्रेट सोसायटीचा ड्रेपर पुरस्कार मिळाला. पुण्याचे मिलिंद मुळीक जलरंगातल्या निसर्गचित्रांसाठी आणि त्यांच्या कार्यशाळांसाठी ओळखले जातात.

कार्यशाळेत अडचण वेगळीच येते. प्रात्यक्षिक देताना हात आणि तोंड एकदम चालवावे लागते, आणि पाणी कोणासाठी थांबत नाही. म्हणून हाताचे कारण आधी सांगायचे, मग गप्प बसून हात मारायचा. त्यातून शिकवणाऱ्याचाही फायदा होतो: सवयीने केलेल्या गोष्टीचे कारण द्यावे लागते, आणि कधी कधी ते सापडत नाही. शिकणाऱ्यांच्या चुका मात्र त्याच त्या. ब्रश फार लहान, रंग फार पातळ, आणि मगातले पाणी चिखल झाले तरी बदलायचे नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारले आहे की, मुलाला एलिमेंटरीला बसायचे आहे तर त्याला कोणता क्लास लावावा. क्लासचे नंतर पाहू. आधी साधी वही आणि मऊ पेन्सिल देऊन त्याला खुटबाव स्टेशनावर बसवा. दौंडची शटल यायला बहुधा वेळ लागतोच. तेवढ्यात एक खांब, एक बाक, बाकावरचा माणूस असे काढून होईल. माणूस मध्येच उठून गेला तर राहिलेला हात, टोपी, पिशवी आठवून पुरी करू द्या. परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतोच.