कृत्रिम क्षितिज

भर समुद्रात आपले स्थान जाणून घ्यायचे असेल, तर नावाडी सेक्स्टंट नावाचे यंत्र डोळ्याला लावतो आणि सूर्य क्षितिजापासून किती अंश वर आहे, हे मोजतो. समुद्रावर क्षितिजरेषा स्पष्ट दिसते. पण डोंगराळ मुलखात किंवा हिमप्रदेशात खरे क्षितिज कोठून आणावे?

ही अडचण एका आरशाने दूर होते. समतल ठेवलेल्या आरशात सूर्याचे प्रतिबिंब पडते. सूर्य क्षितिजाच्या जितका वर, तितकेच ते प्रतिबिंब खाली दिसते. म्हणून सूर्य आणि प्रतिबिंब यांमधील कोन मोजून त्याची निमपट केली, की सूर्याचा उन्नतांश मिळतो. अशा आरशाला कृत्रिम क्षितिज म्हणतात.

मात्र यासाठी वाटेल तो आरसा चालत नाही. घरातील आरशाला मागून मुलामा असतो. त्यामुळे काचेच्या पुढच्या व मागच्या अशा दोन्ही पृष्ठांवरून प्रतिबिंबे उमटतात. ती पृष्ठे अगदी समांतर नसली, तर मापन चुकते. म्हणून जाड काळी काच घेऊन तिचे वरचे पृष्ठ काटेकोर सपाट घासतात. आत शिरलेला प्रकाश काळी काच शोषून घेते आणि एकच स्वच्छ प्रतिबिंब मिळते. या काचेला मळसूत्राचे तीन पाय असतात. वर पाणसळ ठेवून ते फिरवीत काच समतल करतात. या कामी आळस परवडत नाही. आरसा एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, कलला तरी स्थान एका सागरी मैलाने, म्हणजे १८५२ मीटरांनी, चुकू शकते.

पाऱ्याला समतल करावे लागत नाही. उथळ तबकात ओतताच तो आपोआप समतल होतो. पण वाऱ्याच्या झुळकीने त्याचे पृष्ठ थरथरते. म्हणून त्यावर काचेचे छप्पर ठेवतात. उणे ३९ अंश सेल्सिअसच्या सुमारास तो गोठतो. शिवाय त्याची वाफ विषारी असते.

नॉर्वेचा संशोधक रोआल अमुंडसेन दक्षिण ध्रुवाकडे निघाला, तेव्हा त्याने काचेचे आणि पाऱ्याचे अशी दोन्ही प्रकारची क्षितिजे बरोबर घेतली होती. डिसेंबर १९११ मध्ये ध्रुवाजवळ पोहोचल्यावर ‘आलो’ एवढे म्हणून तो परतला नाही. त्याच्या सहकाऱ्यांनी पाळीपाळीने चोवीस तास, दर तासाला, सूर्याचे वेध घेतले. जानेवारी १९१२ मध्ये इंग्लंडचा रॉबर्ट स्कॉट तेथे आला. त्याने निराळ्या यंत्राने ध्रुवबिंदू निश्चित केला. अमुंडसेनचा तंबू त्या बिंदूपासून दोन मैलांच्या आतच उभा होता. प्रतिस्पर्ध्याच्या मोजणीनेच अमुंडसेनच्या मोजणीला साक्ष दिली.

स्वाध्याय

१. घरातील आरसा कृत्रिम क्षितिज म्हणून का चालत नाही?
२. पाऱ्याचे गुण व दोष सांगा.
३. सूर्य व त्याचे प्रतिबिंब यांमधील कोन ४६ अंश ४० कला भरला, तर सूर्याचा उन्नतांश किती?