मोनार्कचा प्रवास आणि एका 'तणा'ची गोष्ट



अंडी, अळी, कोष, फुलपाखरू हे जीवनचक्र मुलं धडाधड म्हणून दाखवतात. पण अळी खाते काय आणि ते झाडच उरलं नाही तर काय होईल, हा प्रश्न बहुधा राहून जातो. तो समजवायला मोनार्क फुलपाखराचं उदाहरण फार उपयोगी पडतं.

प्रवास कसा होतो?
मोनार्क हे उत्तर अमेरिकेतलं नारिंगी-काळं फुलपाखरू. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम! कॅनडा आणि अमेरिकेच्या पूर्व भागातली मोनार्क थंडीआधी दक्षिणेला निघतात. काही तर ४,००० किलोमीटरहून जास्त उडून मध्य मेक्सिकोच्या डोंगरांवर पोहोचतात. तिथे सुमारे ३,००० मीटर उंचीवर ओयामेल नावाच्या झाडांची जंगलं आहेत. दाट फांद्यांमुळे थंडी-पावसापासून बचाव होतो, म्हणून लाखो फुलपाखरं झाडांना घट्ट चिकटून हिवाळा काढतात.

मार्चच्या सुमारास ती उत्तरेला निघतात, वाटेत अंडी घालतात आणि मरतात. पुढचा प्रवास मुलं आणि नातवंडं करतात. म्हणजे पुढच्या हिवाळ्यात मेक्सिकोला येणारं फुलपाखरू तिथे आधी कधीच गेलेलं नसतं. हे ऐकून मुलं थक्क होतात.

मग अडचण कुठे आहे?
मेक्सिकोत ही फुलपाखरं मोजताना त्यांनी किती हेक्टर जंगल व्यापलंय ते पाहतात. १९९६-९७ च्या हिवाळ्यात ते सुमारे १८ हेक्टर होतं. २०१३-१४ मध्ये फक्त ०.६७ हेक्टर उरलं! २०२४-२५ मध्येही ते १.७९ हेक्टरच होतं.

जंगलतोड हे एक कारण. तिथलं सुमारे ५६,००० हेक्टर क्षेत्र राखीव आहे आणि २००८ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटलं. पण तेवढ्याने भागत नाही. मोनार्कची अळी फक्त मिल्कवीड ही वनस्पती खाते. अमेरिकेत मका-सोयाबीनच्या शेतात तणनाशकं वाढली आणि मिल्कवीड 'तण' म्हणून नाहीसं होत गेलं. अळीला खायला नाही, तर राखलेल्या जंगलात येणार कोण? हवामानातले बदल आणि दुष्काळ यांनी त्यात भर घातली.

स्थलांतर करणाऱ्या जिवाला एकच घर नसतं. सुरुवातीचं गाव, वाटेतले थांबे आणि शेवटचा मुक्काम, सगळंच टिकावं लागतं. एक कडी तुटली की साखळी तुटली. मुलांपर्यंत एवढं पोहोचलं तरी पुष्कळ झालं.

आपल्याकडे काय करता येईल?
मिल्कवीड ही आपल्या रुईच्याच कुळातली. मारुतीला जिच्या पानांची माळ घालतो तीच रुई! मोनार्कचं भावंड शोभेल असं प्लेन टायगर फुलपाखरू आपल्याकडे रुईवर अंडी घालतं. आणि आपणही स्वच्छतेच्या दिवशी रुई सर्वात आधी उपटतो.

वर्गासाठी उपक्रम:
१. शाळेच्या किंवा घराच्या आसपास रुई शोधा. चीक डोळ्यांत जाऊ नये म्हणून पानं न तोडता फक्त पाहा.
२. पानांच्या खालच्या बाजूला अंडी, अळी दिसते का, ते आठवडाभर वहीत लिहा.
३. मुलांना विचारा, 'तण म्हणजे काय? कोणासाठी तण?'

तिसऱ्या प्रश्नावर मुलांना बोलू द्या. उत्तर लगेच सांगू नका.