तोरणमाळचा पाऊस : बारा महिन्यांचा हिशेब

इतिहास हा आमचा विषय. तरीही या स्मरणिकेसाठी पावसावर लिहावेसे वाटले, याचे कारण वर्गात विचारला गेलेला एक प्रश्न आहे. धडगावकडच्या एका विद्यार्थिनीने विचारले होते, "सर, आमच्या डोंगरात एवढा पाऊस पडतो, मग एप्रिलमध्ये आई झऱ्यावर वाटीवाटीने पाणी का भरते?" त्या दिवशी तिला दिलेले उत्तर अपुरे होते. ते येथे पुरे करीत आहोत.

अक्राणी तालुक्यातील तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे. नैर्ऋत्येकडून येणारे बाष्पयुक्त वारे सातपुड्याच्या उतारावर चढतात, वर जाताना हवा थंड होते आणि बाष्पाचे पाणी होते. बंगालच्या उपसागरात निर्माण होणारे कमी दाबाचे पट्टे मध्य प्रदेशातून पश्चिमेकडे सरकतात, तेव्हाही येथे मोठा पाऊस होतो. म्हणून खाली शहादा-नंदुरबारच्या तापीकाठच्या सपाटीपेक्षा वरच्या पट्टीत पाऊस अधिक असतो.

आता महिन्यांकडे पाहू. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात वळवाच्या सरी येतात. खरा मोसमी पाऊस बहुधा दुसऱ्या पंधरवड्यात पोहोचतो. जुलै आणि ऑगस्ट हे भरपावसाचे महिने असून वर्षाच्या एकूण पावसापैकी निम्म्याहून अधिक पाऊस या दोनच महिन्यांत पडतो. सप्टेंबरात जोर ओसरतो. ऑक्टोबरच्या प्रारंभी मोसमी वारे परततात, मागे एखाददुसरी सर उरते. नोव्हेंबर ते मे हे सात महिने जवळजवळ कोरडे जातात. क्वचित अवकाळी पाऊस किंवा गारपीट होते, पण तिचा उपयोग कमी आणि आंब्याच्या मोहराचे नुकसान जास्त.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर याच विभागणीत आहे. पाऊस चार महिन्यांचा, तहान मात्र बारा महिन्यांची. त्यात हा डोंगर काळ्या बसाल्ट खडकाचा. खडकाच्या भेगांत थोडेच पाणी साठते. तीव्र उतारावरून बाकीचे उत्तरेकडे नर्मदेला आणि दक्षिणेकडे गोमाईसारख्या नद्यांतून तापीला जाऊन मिळते. उतारावरचे जंगल विरळ झाले की हा वेग आणखी वाढतो. भगर, ज्वारी, मका ही पावसावरची पिके घरात आली की दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीला किंवा मजुरीसाठी गुजरातेत जातात आणि होळीला परततात. पावसाचे वेळापत्रक असे मुलांच्या शाळेपर्यंत येऊन भिडते. आपल्या वसतिगृहाचे महत्त्व येथे कळते : आईवडील स्थलांतरित झाले, तरी मुलाचे वर्ष बुडत नाही.

यावर उपाय नाही काय? साधे गणित करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. घराचे छप्पर ४० चौरस मीटरचे आणि हंगामात ८०० मिलिमीटर पाऊस धरला, तर ३२,००० लिटर पाणी छपरावर पडते. पाचवा भाग वाया गेला तरी २५,६०० लिटर उरते. सहा माणसांच्या घराला पिण्यास व स्वयंपाकास माणशी रोज २० लिटर लागले, तर फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांची गरज १४,४०० लिटर होते. म्हणजे पाणी पुरेसे पडते, फक्त साठवण कमी आहे.

हे ज्ञान आपल्याला नवीन नाही. आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने भिक्खू एका ठिकाणी वर्षावास करीत. मुंबईजवळच्या कान्हेरी येथे लेण्यांलगत खडकात पाण्याची टाकी खोदलेली आहेत. तेथील शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे. अशी पोढी खोदून देणे हे दान मानले जाई. पुढे २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क बजावला. तेच बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना नोव्हेंबर १९४५ मध्ये कटक येथे म्हणाले होते, की जास्तीचे पाणी हे संकट मानून समुद्राकडे पळवू नये, ते साठवून लोकांच्या कामी आणावे. हक्क आणि साठवण ही दोन्ही कामे त्यांनी एकच मानली.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. आपापल्या गावच्या शाळेत एक पर्जन्यमापक बसवा. रोज सकाळी साडेआठला नोंद घ्या; २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला, तर तो 'पावसाचा दिवस' म्हणून मोजा. वर्षाअखेर बारा रकाने भरतील. मग शाळेच्या छपराला पन्हळ आणि खाली टाकी करण्यास गावाला सांगा. ज्या मुलीने प्रश्न विचारला, तिच्या आईचा झऱ्यावरचा एक तास वाचला, तर हा पाठ पुरा झाला असे आम्ही समजू.